लाल अक्षरांतला बायोडाटा

माझं लग्न जमवत होते तवाचं सांगते. शिरूरच्या मुलाचा बायोडाटा वर्डच्या फाईलमध्ये आला. मोबाईलवर सगळं छान दिसत होतं, ‘रांजणगावात पर्मनंट नोकरी.’ यवतच्या मामांना मात्र शंका. म्हणाले, ‘लॅपटॉपवर उघड गं.’

माझ्या लॅपटॉपवर विंडोज न्हाई, लिनक्स. तिथं फाईल दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडली, आन् आधी खोडलेलंही लाल अक्षरांत दिसायला लागलं. ‘कंत्राटी’ खोडून ‘पर्मनंट’ केलं होतं.

‘मला वास आलाच होता,’ मामा म्हणाले.

मी म्हटलं, ‘थांबा, आपण पाठवलेला पण उघडते.’

तो मामांनीच टाइप केला होता. माझं वय एकतीस खोडून अठ्ठावीस.

मामांनी लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाले, ‘त्यांच्याकडं असला लॅपटॉप न्हाई ना?’