हिरव्यासाठी लागणारी आच

(प्रयोगशाळा, दिवे बंद. टेबलावर लेसर आणि एक छोटी बाटली. वहिनी इथली जुनी संशोधक. नणंद तिच्याच हाताखाली शिकणारी.)

नणंद : झालं. पुन्हा लालसरच प्रकाश.

वहिनी : आणि तोही मिणमिणता. बंद कर लेसर.

नणंद : सोमवारी समितीला हाच दाखवला, तर माझं काम दुसऱ्याला देतील. देऊ देत. माझ्या हाताला यशच नाही.

वहिनी : यशाचं काय घेऊन बसलात, वन्सं? माल तोच, मोजमाप तेच. चुकतंय कुठे, ते सांग.

नणंद : रचनेत. बाटलीतले स्फटिक घनाच्या रचनेत जुळलेत. षटकोनी हवे होते.

वहिनी : त्यानं काय बिघडतं? समिती विचारेल, म्हणून विचारतेय.

नणंद : घनात एर्बियमला, म्हणजे उजळणाऱ्या अणूला, चहूबाजूंनी सारखेच शेजारी. सगळं इतकं समतोल, की त्याला धड प्रकाश बाहेर टाकता येत नाही. षटकोनात ते जरा वाकडंतिकडं बसतं, आणि मग हिरवंगार उजळतं.

वहिनी : पाठ तर चोख आहे. आणि षटकोन कशानं होतो?

नणंद : आचेनं. तीनशे वीस अंश, तासभर.

वहिनी : मग दिलीस?

नणंद : दिली की.

वहिनी : माझ्याशी खोटं बोलशील गं, स्फटिकांना कसं फसवशील? हिरवा एकदाच आला, मी रजेवर होते त्या दिवशी. सगळे हसतात मला, तुझी सावली पडली की नमुना विझतो म्हणून. मीही हसले. आज सकाळी भांडी विसळताना डोक्यात उजेड पडला. मी जवळ असले की तू आच कमी करतेस.

नणंद : राहू दे ना, वहिनी.

वहिनी : आज किती ठेवलीस?

नणंद : दोनशे ऐंशी.

वहिनी : का?

नणंद : तीनशे वीसवर तो चंबू फुटला तेव्हा तू मला मागे ढकललंस. त्यातलं तापलेलं तेल तुझ्या हातावर उडालं. दादा अजून आधी तुझ्या हाताकडे बघतो, मग माझ्याकडे.

वहिनी : तुझा दादा भाजीत मीठ जास्त झालं तरी तसाच बघतो.

नणंद : हसण्यावारी नको नेऊस.

वहिनी : बरं. मी नव्हते, तेव्हा भीती नाही वाटली?

नणंद : वाटली. पण भाजलं असतं तर मलाच भाजलं असतं ना.

वहिनी : शहाणीच आहेस. आणि घरी आल्यावर तुझा हात बघून मला गोड वाटलं असतं?

नणंद : तसं नाही गं.

वहिनी : मग कसं? ऊठ. नवा चंबू मी उजेडात धरून बघितलाय, कुठे तडा नाही. ती जाड काच पुढे ओढ.

नणंद : तू तासभर बाहेर थांब ना.

वहिनी : नाही थांबणार. दोघी काचेमागे, शेजारी शेजारी. या वेळी तुला ढकलणार नाही.

नणंद : नक्की?

वहिनी : नक्की. लाव तीनशे वीस.

नणंद : आधी तुझे दोन्ही हात कोटाच्या खिशात घाल.