अंबाजीच्या नावाची भिंत

सन्माननीय अध्यक्ष श्रीपतराव, व्यासपीठावरील तहसीलदारसाहेब, पुढच्या रांगेत बसलेल्या कमलबाई, आणि मांजरेच्या दोन्ही काठांवरून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना शरणु शरणार्थी.

आज चैत्राअक्कांना निरोप द्यायचा आहे. खटकचिंचोळीची ही लेक आर्किटेक्ट होऊन आली आणि तीन वर्षांत तिने आपल्या घाटावर पुट्ट्यांच्या शर्यतीचं संग्रहालय उभं केलं. बांबूच्या, चामड्याने मढवलेल्या त्या गोल नावा आता तिथे छताला टांगल्यात. नदीकडची बाजू अक्कांनी मोकळी ठेवली, आतूनही पाणी दिसावं म्हणून. केवढं देखणं काम! पण कौतुक नेमकं कशाचं करायचं, ते आधी सांगायला हवं.

एकतीस वर्षांपूर्वी भर शर्यतीत दोन काठांच्या पुट्ट्या मधल्या धारेत आदळल्या. आधी शिव्या, मग वल्ही. कुणाचे दात पडले, एकाचा डोळा गेला. पलीकडच्या काठच्या अंबाजीच्या डोक्यात वल्हं बसलं. तो पाण्यात पडला, वर आला, समोरच्या पुट्टीची कड धरली, तेव्हा दुसरा घाव बसला. प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. शर्यत बंद पडली ती कायमची. बघणारे दोनशे होते. सांगणारा एकही निघाला नाही.

अक्कांच्या आराखड्यात अंबाजीच्या नावाची भिंत होती. संग्रहालय समितीचा प्रमुख म्हणून मीच अडवलं, "अक्का, खेळाचं बांधायलाव, मग हे खुनाचं कामून?"

"अप्पा, खेळ कामून बंद पडला, असं लेकरांनी विचारलं तर काय दाखवू?"

गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी आपल्याच काठची दहा-बारा माणसं पहारी घेऊन आली. माझं न ऐकता अक्कांनी बांधलेली ती भिंत फोडली. अक्का आडव्या गेल्या, तर पहारीने त्यांचं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी अडवलं का? नाही. मनात म्हटलं, बरं झालं. आठव्या दिवशी हात गळ्यात बांधून अक्का गवंड्यांपाशी उभ्या होत्या.

भिंत पुन्हा उभी राहिली, तेव्हा अंबाजीच्या पत्नी कमलबाई आल्या. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मारलं कोण, ते लिवलं न्हाई?"

"मला कुणी सांगितलं न्हाई, अम्मा."

मी मागेच उभा होतो. आज सांगतो. दोन्ही घाव माझे. किरणकुमार, बाळा, बापाला बोलू दे, खाली बस. माईकला हात लावू नकोस. कमलबाई, तुमचा माणूस माझी पुट्टी धरून म्हणाला, "अमृतप्पा, बस कर." मी ऐकलं, आणि मारलं.

अक्का, त्या नावाखाली माझं नाव लिहून मगच जा.

अध्यक्षमहाराज, वेळ दिलात, आभारी आहे. बोलण्यात शब्द मागेपुढे झाले असतील तर ते पोटात घाला. माफी तेवढ्यापुरतीच मागतो. बाकीचं सकाळीच लिहून दिलंय. फौजदारसाहेब दारात थांबलेत.