धुराचं लाकूड

तुमी गॅसवाल्या बाया, लाकूड ओळखणं काय असतं ते तुमाला सांगून कळायचं न्हाई. सत्तर-बाहत्तर साल असंल. मी हिंगोलीची, लग्न होऊन डोंगरकड्याला आले. उन्हाळ्यात सासूसंग रानात सरपणाला गेले, तर पानं झडलेली सगळी झाडं मला सारखीच. दिसलं ते वाळकं मोडलं आन् मोळी बांधली.

संध्याकाळी सासू भाकरी थापत होती, मी तेच लाकूड चुलीत सारत होते. एकदम माहेर आठवलं. डोळे काही थांबेनात.

सासरे ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई काहून रडून राहिली?"

"रडत न्हाई," सासू म्हणाली. "कोणत्या झाडाचं लाकूड आणलं काय माहीत, लई धूर करून राहिलं."

तेवढ्यात शेजारची खैरूनबी विस्तव मागायला आली. चुलीत डोकावून म्हणाली, "अगं, हा तर धावडा! याला कुठं धूर असतो?"

सासूनं डोळे वटारले. "धावडा न्हाई तो."

खैरूनबीनं माझ्याकडं पाह्यलं. "बराबर. लई धूर हाय बाई," म्हणाली, आन् पदरानं आपलेबी डोळे पुसले.

पुढं नणंदेचं लग्न झालं. पाठवणी करून घरात आले, तर सासू चुलीपुढं बसून डोळे पुसत होती. मी जवळ बसले.

"आत्याबाई, आजबी तेच लाकूड का?"

"व्हय बाई. तेच."

चूल अजून पेटवलीबी नव्हती.