सगळ्यांच्या मागे

नदीकाठच्या वाटेवर गटाबरोबर चालून आलेल्या दोघी मैत्रिणी चिखलाने माखलेल्या बुटांनी बसच्या रांगेत उभ्या होत्या. मागे उभ्या असलेल्या एका शिंपीणबाईंनी कान टवकारले.

"दर रविवारी सगळ्यांच्या मागे चालायचं काम तूच का मागून घेतेस गं?"

"कुणी मागे राहिलं तर बघायला स्वयंसेवक नको?"

"पूर्वी तर सगळ्यांच्या पुढे पळायचीस!"

"आमचे हे रेंगाळायचे ना. बगळा दिसला की खांबासारखे उभे. मी पुढून ओरडायचे, पाय उचला, बस चुकेल."

"आणि आता?"

"आता मीच शेवटी. वळून बघायची कटकट नाही. मागे कुणी नसतंच."

"मग आज पुलापाशी वळून कितीतरी वेळ काय बघत होतीस?"

"बगळा होता."