सुटकेचा शब्द

नणंद: बस ना गं वहिनी, उभी काय राहिलीस? बाकडं आहे, चावणार नाही.

वहिनी: बाकडं साखळीने बांधलंय. चमचासुद्धा साखळीला. लोक चोरून नेतात की काय?

नणंद: तुरुंग आहे गं हा. कोठडीत बसून प्यायचं. या शहरातला सगळ्यात गाजलेला बार आहे, बाहेर रांग बघितलीस ना? भर दुपारी.

वहिनी: हे बघायला सुट्टी काढून इतक्या लांब कशाला यायचं? घरी फुकट मिळत होतं.

जेलर: कैद्यांनी आपसात बोलायचं नाही. दोघींचे फोन इकडे. आत आलेल्याचा बाहेरच्या जगाशी संबंध संपला.

वहिनी: माझा राहू दे रे बाबा. घरी लहान मुलगी आहे.

जेलर: सगळ्यांच्याच घरी कोणीतरी असतं, म्हणून तर शिक्षा वाटते. द्या. काउंटरमागे पेटी आहे, कुलपात राहतात. बाहेरून निरोप आला तर मी इथे येऊन वाचून दाखवेन.

नणंद: दे गं. खेळ आहे त्याचा. परवा पाणबुडीच्या बारमध्ये नाही का आपण खलाशाच्या टोप्या घातल्या?

वहिनी: घे. आणि दार कशाला लावतोस?

जेलर: तुरुंगाचं दार उघडं ठेवलं तर त्याला धर्मशाळा म्हणतात. नियम ऐका. ज्यांनी बुकिंग केलं त्यांनी सुटकेचा एक शब्द दिलाय. तो माझ्या कानावर पडला की कुलूप निघेल. तोवर रडा, ओरडा, शिव्या द्या, सगळं चालतं. काल एक बाई इतकं सुरेख रडल्या की पलीकडच्या कोठडीने टाळ्या वाजवल्या. बोला, काय आणू? 'जन्मठेप' कडक आहे. 'पॅरोल' गोड, पण लगेच उतरते. 'माफीचा साक्षीदार' आंबट लागतो, नंतर घसा जळतो.

नणंद: मला तो आंबटच आण. वहिनीला पॅरोल.

वहिनी: मला नुसतं पाणी. बुकिंग कोणी केलंय म्हणालास?

जेलर: एका गृहस्थांनी. भारदस्त आवाज. शब्दही त्यांनीच सांगितला. आलोच.

वहिनी: बेबी, कोण गृहस्थ?

नणंद: हॉटेलवाला असेल. मी त्यालाच सांगितलं होतं.

वहिनी: हॉटेलवर बाई आहे. बारीक आवाजाची.

नणंद: तू ना, नोकरीत त्या पार्सलच्या खिडकीत बसून बसून प्रत्येक गाठोड्यात चोरीचा माल बघायला लागलीस. चार दिवस मोकळं हो जरा. सोमवारी कोर्टाची तारीख आहे, ती काय चुकणार आहे का? ठकी तुझ्याकडेच राहणार, वकीलही म्हणाले. मग?

वहिनी: वकील म्हणाले म्हणूनच विचारतेय. पाणबुडीचा बार कुठे होता?

नणंद: तळघरात. पाणबुडी काय गच्चीवर असते?

वहिनी: तळघरात फोनला रेंज नव्हती. वर आले तर ठकीच्या शाळेचा मिस्ड कॉल. तू म्हणालीस, फीसाठी असेल. तोवर शाळा सुटलेली. काल कुठे नेलंस?

नणंद: लायब्ररीच्या बारमध्ये. तूच हसत होतीस की, पुस्तक उघडलं तर आत ग्लास.

वहिनी: तिथे फोन काढला की हाकलून देतात. बाहेर आले तर शेजारच्या काकूंचा मिस्ड कॉल. काकू मला उभ्या जन्मात फोन करत नाहीत, भिंतीवर थाप मारतात. मी लावला तर उचलेनात. रात्री घरच्या मोबाईलवर लावला. तुझी आई म्हणाली, ठकी झोपली. ठकी माझ्याशी बोलल्याशिवाय झोपत नाही, बेबी. आणि आज हा तुरुंग. बार तू निवडत होतीस, की तुला निवडून देत होते?

नणंद: असं काय बोलतेस? ठकी मजेत आहे. आईने तिला दोन दोन स्वेटर दिलेत, पायमोजे दिलेत, थंडीचं काही...

वहिनी: थंडी कुठे आहे आपल्याकडे? तिकडे उकाड्याने फरशीवर झोपतात पोरं.

नणंद: म्हणजे, सहज आपलं.

वहिनी: स्वेटर सहज निघत नाहीत. ते माळ्यावरच्या ट्रंकेत असतात, वर दोन गाद्या असतात. कुठे नेलंय तिला?

नणंद: मला नाही माहीत.

वहिनी: कुठे नेलंय?

नणंद: आईशप्पथ, गाव नाही माहीत. दादाला वर कुठेतरी नोकरी लागलीय, डोंगरात. म्हणाला, पोरीला नेतो, शाळेत नाव घातलं की कोर्टसुद्धा हलवत नाही. तू फक्त वहिनीला तीन-चार दिवस फिरवून आण, फोनपासून लांब ठेव.

वहिनी: शाळेचा फोन दाखल्यासाठी होता तर. परवा खलाशाची टोपी नव्हती ती. मलाच घातलीस. आणि मी तुझ्याबरोबर फोटो काढले.

नणंद: मी काय करणार होते? नवऱ्याने टाकलं तेव्हा कोणी दारात उभं केलं? दादाने. त्याच्या घरात स्वयंपाकघराला लागून माझी एक खोली आहे, तेवढीच. तो म्हणाला, हे केलंस तर खोली जन्मभर तुझी. नाही तर बघ तुझं तू. तू तर सुटणार आहेस गं त्याच्यापासून. मी कुठे सुटू?

वहिनी: माझी पोर देऊन तू खोली घेतलीस.

नणंद: असं नको म्हणूस.

वहिनी: मग कसं म्हणू ते सांग, तसं म्हणते. शब्द बोल.

नणंद: कुठला शब्द?

वहिनी: सुटकेचा. त्याला हाक मार आणि बोल.

नणंद: मला नाही माहीत.

वहिनी: बेबी.

नणंद: खरंच नाही सांगितला. म्हणाला, पोचलो की मीच कळवीन, तोवर दोघी बसा आरामात.

वहिनी: तुलासुद्धा आत घातलंय त्याने. आणि तू त्याला खोली म्हणतेस.

जेलर: हे घ्या, माफीचा साक्षीदार. आणि पाणी.

वहिनी: दार उघड.

जेलर: वा. सुरुवात झाली. शब्द?

वहिनी: शब्द नाही. माझी मुलगी पळवलीय. मला फोन हवाय.

जेलर: हे नवीन आहे. काल एकजण म्हणाले, घरी गॅस चालू राहिलाय.

वहिनी: माझ्याकडे बघ. मी रडत नाहीये, ओरडत नाहीये. ज्याने तुला तो शब्द दिला ना, त्यानेच नेलीय तिला. या कोठडीत आत्ता खेळ फक्त तू खेळतोयस.

जेलर: ताई... खरं म्हणताय का? नाही म्हणजे, खरं सांगणारे पण असंच सांगतात हो. वर कॅमेरा आहे, मालक बघत असतो. शब्दाशिवाय उघडलं तर मी घरी. या ताईंना विचारू का? अहो, खरं आहे का हे?

वहिनी: विचार तिला. सांग बेबी.

जेलर: ताई?

वहिनी: तोंड उघड. एवढं एकच कर.

जेलर: त्या तर काही बोलत नाहीत. थांबा, मालकाला विचारून येतो.

वहिनी: 'खरं आहे' एवढंच म्हणायचं होतं.

नणंद: खोली जाईल माझी.

वहिनी: पी. आंबट आहे ना? पी.

(काउंटरवरची घंटा वाजते. जेलर चिठ्ठी घेऊन परत येतो.)

जेलर: मालकाला विचारायचं कामच पडलं नाही. त्या गृहस्थांचा निरोप आलाय. वाचतो. 'सामान पोचलं. आईपण आहे. भाड्याचं घर सोडलं, किल्ली घरमालकाला दिली. बेबीला सांगा, आता तिने तिचं बघावं.' आणि हाच शब्द होता ताई, 'सामान पोचलं'. सुटलात. इथे आम्ही टाळ्या... राहू दे.

नणंद: सामान कुठलं?

वहिनी: ठकी.

नणंद: घर सोडलं म्हणजे? माझी ट्रंक आहे तिथे. माझं अंथरूण आहे.

वहिनी: काकूंनी काल दाराशी ट्रक बघितला असणार. तेच सांगायला फोन केला होता बिचारीने. लायब्ररीत होतो आपण, तुझ्या कृपेने. जेलर, निरोप कुठल्या फोनवर आला?

जेलर: काउंटरच्या. नंबर दिसतो त्यात. लांबचा आहे, कुठल्यातरी लॉजचा वाटला, मागे कोणीतरी खोलीची किल्ली मागत होतं.

वहिनी: चल, दाखव. आणि माझा फोन काढ पेटीतून.

नणंद: तो उचलणार नाही, वहिनी.

वहिनी: लॉजवाला उचलेल. त्याचा धंदा आहे. मी पार्सलच्या खिडकीत बसते बेबी, पोच आली म्हणजे पत्ता आहे. त्याला माझ्या पोरीला सामान म्हणायचंय ना? हरवलेलं सामान कसं हुडकतात ते त्याने मला विचारायला हवं होतं. तू येतेस?

नणंद: कुठे?

वहिनी: आधी काउंटरवर. मग सोमवारी कोर्टात. इथे बोलली नाहीस ते तिथे बोलायला. शाळा, स्वेटर, हे तीन बार, सगळं.

नणंद: सख्ख्या भावाविरुद्ध?

वहिनी: किल्ली देताना त्याला सख्खी बहीण आठवली का? मी थांबणार नाही. यायचं तर ऊठ.

नणंद: वहिनी, ऐक ना.

जेलर: गेल्या त्या. ताई, तुम्हीपण सुटलात. दार उघडंच आहे.

नणंद: दिसतंय मला. जरा लावून घे.