धुतलेलं फडकं

मुंगसांचा विषय काढलात म्हणून सांगतो, माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. भोरच्या घरी आमच्या हिनं एक मुंगूस पाळलं होतं. ते तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर निजायचं. ही वारली तोवर ते म्हातारं झालं होतं, आणि त्यानं खाणं टाकलं. त्याला सोबत हवी म्हणून मी भाटघरच्या भिवा धनगराकडून एक पिल्लू आणलं.

भिवानं बजावलं होतं, "मास्तर, म्हाताऱ्याच्या फडक्यात ह्याला दोन दिस गुंडाळा. वळखीचा वास आला की त्ये ह्याला घरातलंच समजंल."

फडकं फार मळलं होतं. मी ते सोडा घालून स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि पिल्लाला त्यात गुंडाळलं. म्हाताऱ्यानं फडकं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि ते दाराबाहेर निघून गेलं. परत आलंच नाही.

आठवड्यानं भिवा आला. "धुतलंत व्हय? अवो मास्तर, इतकं शिकून येडंच राह्यलात! त्यात वैनींचा वास हुता न्हवं!"

मी हसलो. तो गेल्यावर फडकं नाकाशी धरलं. नुसता सोड्याचा वास आला. तिची बाकीची लुगडी मी तेराव्यालाच वाटून टाकली होती.