दोरा माझा, पानं आण्णांची

मी मूळची मैंदर्गीची. घरात कानडी, शाळंत मराठी, तिसरी झाली आन् लगीन करून सोलापुरात आले. मालक बुकं बांधायचे. पुठ्ठा त्येंचा, शिवन माझी, सासूनं शिकवली. पानं नंबरानं लावावी लागत्यात म्हनून इंग्रजी आकडे येतात मला, इंग्रजी अक्षर मातर एक बी येत न्हाय. कायद्याची बुकं किती शिवली म्हनाल तर गाडीभर, आन् त्यात काय लिवलंय म्हनाल तर देवाला ठावं.

काय सांगू तुमास्नी, मे म्हैन्यात कोर्टाला सुट्टी लागली की वकिलांच्या बाररूमचा पट्टेवाला हातगाडीवर बुकं घालून आनायचा. वर्सभर निकालांचे सुट्टे अंक येतात, ते शिवून एक जाड बुक करायचं. एरवी ती बुकं काचंच्या कपाटात, कुलपात, आन् दारावर पाटी की सभासदाबिगर आत यायचं न्हाय. पर मे म्हैन्यात सगळा कायदा आमच्या पडवीत, चटईवर, खळीच्या भांड्याशेजारी.

तितं आण्णा यायचे. आण्णा म्हंजे शिवाप्पा, आमच्या मैंदर्गीचेच, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिवून द्यायचे. नात्यातले न्हवंत, पर मी आण्णा म्हनायची आन् ते मला तंगी, कानडीत धाकट्या भैनीला म्हनत्यात. मॅट्रिकपातुर इंग्रजी झालेलं, पर वकिलीची सनद मिळंना, कॉलेज पायजे म्हनत. म्हनून वर्सभर बाररूमच्या पायरीपातुर, आन् मे म्हैन्यात आमच्या पडवीत. मालक म्हनायचे, वाचू दे की, वाचल्यानं बुक झिजतंय व्हय? आण्णा म्होरं वाचायचे, मी मागनं शिवायची. म्हनायचे, तंगी, ह्यो अंक आज शिवू नको, उद्या शिव.

मग मालक तापानं गेले. आन् दीर दारात हुबे, म्हनले आमी भाऊ एकत्र हुतो, घर माझं, तुला कोपरा देतो, पोटाला घालतो. सासरा गेल्यापासनं चूल येगळी, धंदा येगळा, मधी एक भिंत, पर वाटनी झाली असं कागदावर काय बी न्हाय. मी रडत बसले. आण्णा रडू बी देईनात, म्हनले बुकं आलीत, बगू या की. तो अख्खा म्हैना माझी केस त्येंनी मी शिवायच्या बुकात धुंडली. आठ पानं लिवली मराठीत, सुबक, आदी म्हननं, मागनं दाखल्यांची यादी, कोंच्या बुकात, कोंच्या पानावर, असला निकाल कवा कवा झालाय त्याची. एक नक्कल पुन्याकडच्या वकिलांच्या मराठी मासिकाला बी धाडली, चार लोकांच्या उपेगी पडंल म्हनून. ती परत आली, वर कार्ड, लेखकानं आपली पदवी कळवावी. आण्णा हासले, म्हनले पदवी अर्जनवीस, राहनार लिंबाखाली.

कोर्टात हुबं राहायला सनद लागती, म्हनून एका मोठ्या वकिलाकडं गेलो. त्येंनी ती आठ पानं हुबं राहून वाचली, मग बसून वाचली, इचारलं हे कुनी लिवलं? आण्णा म्हनले, मी. वकील म्हनले, अक्षर चांगलं हाय. बस, एवढंच.

खोटं कशाला बोलू, वकील चांगले भांडले. घर राहिलं माझं.

म्होरल्या मे म्हैन्यात तेच मासिक बांधायला आलं. मी पानं लावत हुते, मराठी हाय म्हनून अडखळत वाचलं, तर काय, एक बुकं शिवनारी विधवा, दोन चुली, मधी भिंत. मीच की! आन् वर त्या वकिलाचं नाव, नावामागं पदव्या. यादी मातर गाळलेली. आण्णांना दावलं. चष्मा काढला, पुसला, म्हनले तंगी, घर राहिलं की. दुसऱ्या दिवशी ते आले न्हायत. मला असला राग आला, पर बोलू कुनाला? त्याच वकिलानं राखलेल्या छपराखाली बसलेली मी. तोंड उघडता येईना, सुई चालवता येत हुती.

मासिकानं परत धाडलेली आण्णांची आठ पानं माझ्या ट्रंकंत हुती. छापील लेखामागं लावली, मापात कापली आन् शिवून टाकली. शेवटच्या पानावर त्येंची सही. मग रोज वाट बगायची की पट्टेवाला बोंबलत येतोय, काम जातंय आपलं. कुनी आलं न्हाय.

लई वर्सं गेली. औंदा पुठ्ठा सुटला म्हनून तेच बुक परत आलं. हात लागतो ते पान कडंला काळं पडतं, आमच्या धंद्यात ते लगीच दिसतं. वकिलाचा लेख पांढराफेक. आण्णांच्या यादीची पानं काळी, कोपरे मऊ, एकावर तपकिरीचा डाग. वाचत हुते तर सगळे! कुनी नाव काढलं न्हाय, एवढंच.

आण्णा म्हातारपनी गावी गेलेले, मैंदर्गीला जाऊन त्येंना सगळं सांगितलं. आण्णांना आता दिसत न्हाय. त्येंनी इचारलं, कोंचं पान जास्त मळलंय? म्हनलं, दाखल्यांचं. मग बराबर हाय, म्हनले, आन् कानडीत इचारलं, जेवलीस का.

नवी बांधनी म्हंजे कडा कापायच्या, मळ जातो, रीतच हाय ती. मी ती आठ पानं बाजूला काढली, बाकीचं बुक कापलं, आन् ती तशीच परत शिवली. बुकातनं जराशी भाईर दिसत्यात. पट्टेवाला म्हनला, बाई, काप चुकला तुमचा. म्हनलं व्हय बाबा, वय झालं, हात हालतो. घेऊन गेला. कपाटात आसंल आता. मला आत जाऊन बगता येत न्हाय, पाटी हाय तशीच हाय. पर दोरा दुहेरी घातलाय म्या, माझ्या मागं बी निघायचा न्हाय.